सरपंचांना कॅन्सर निघाला, गावाने काय करावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या तरुण सदस्याने विचारलं आहे: "आमचे सरपंच ५६ वर्षांचे आहेत. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणतं. पोळ्याच्या आधीपासून गालात आतून छाला होता, भरत नव्हता. नागपूरला दाखवलं, तुकडा काढून तपासला, तोंडाचा कॅन्सर निघाला. आधी ऑपरेशन आणि मग शेक (रेडिएशन) सांगितला आहे. गावातल्या पोट्ट्यांनी दोन दिवसांत वर्गणीची तयारी केली, पण काकाजी म्हणतात, गावाचा एक रुपया घेणार नाही. गावात दोन पार्ट्या आहेत. त्यांच्यामागे गाव कसं उभं करावं?"

तुमचा निरोप मी दोनदा वाचला. त्यात काकाजी आहेत, पोट्टे आहेत, पार्ट्या आहेत, वर्गणी आहे. काकू कुठेच नाहीत. म्हणून सगळ्यात आधी हेच विचारते: काकूंना कुणी विचारलं का, की तुम्हाला काय पाहिजे?

मी २४ वर्षं शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, त्यातली बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर वर्धा आणि यवतमाळकडच्या गावांमध्ये हेच काम करते. पुढारी माणूस आजारी पडला की गाव कसं धावतं हे मी फार वेळा पाहिलं, आणि किती लवकर दमतं तेही पाहिलं.

एक पंचायत समितीचे सदस्य होते. भरती झाले त्या दिवशी तीन गाड्या भरून माणसं आली. ओपीडीच्या व्हरांड्यात चाळीस जण, कुणाच्या हातात शहाळं, कुणाच्या हातात सफरचंदं, आणि पेशंटचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. तेच गृहस्थ शेकाच्या पंचविसाव्या दिवशी मला दिसले तेव्हा बाकावर बायको एकटी होती. एका हाताने नवऱ्याच्या नाकातली नळी सावरून धरलेली, मांडीवर रिपोर्टांची पिशवी, पिशवीला गाठ, आणि गाठ सोडायला दुसरा हात पुरत नव्हता. मी गाठ सोडून दिली. विचारलं, सोबत कोणी नाही का? ती म्हणाली, "सगळे कापसात हायेत मॅडम. त्यायचंबी खरंच हाये."

तिने गावाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून अजून हटत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की माणसं जमवण्याआधी दिवस वाटून घ्या. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

दिवस वाटायचे तर आधी पुढचे दिवस कसे असतील ते कळलं पाहिजे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा आधी ऑपरेशन होतं. गाठ काढतात, मानेतल्या गाठी काढतात, कधी जबड्याचं हाड काढावं लागतं आणि छातीचं किंवा मांडीचं मांस तिथे बसवतात. जखम भरली की साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा लागतो. शेक म्हणजे रेडिएशन. ते ३० ते ३३ वेळा, सोमवार ते शुक्रवार रोज, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे चालतं. काहींना त्यासोबत आठवड्यातून एकदा केमोची सलाईन असते. शेकाआधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात आणि किडके दात काढून टाकतात, कारण शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड लवकर भरत नाही. त्या दात काढण्याला घाबरून माणसं आठवडे घालवतात. काकाजींना हे आधीच सांगून ठेवा.

आता हे तुमच्या शेताच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहा. ऑपरेशन दसऱ्याच्या आसपास, म्हणजे सोयाबीनची सोंगणी. शेक दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन डिसेंबर संपेपर्यंत, म्हणजे कापसाची पहिली, दुसरी, तिसरी वेचणी. तुमच्या गावातून नागपूर दीडशे किलोमीटरच्या घरात असेल. रोज जाऊन येणं होणार नाही, तिथे राहावंच लागेल. घरचा कर्ता माणूस आणि काकू, दोघं दीड महिना गावाबाहेर, आणि पऱ्हाटी फुटलेली. गाव दमतं ते इथे. कुणाचं मन वाईट असतं म्हणून नाही, प्रत्येकाचा कापूस त्याच वेळी फुटतो म्हणून.

त्यामुळे पहिली बैठक वर्गणीची घेऊ नका. आठ-दहा जण बसा, बाया त्यात निम्म्या असू द्या, आणि काकूंच्या समोर एक वही उघडा. त्यांना विचारा: गोठ्यात किती जनावरं आहेत, सकाळी गाय कोण दोहतं, सालदार आहे का, सोयाबीन किती एकर, थ्रेशर सांगून ठेवलं का, पऱ्हाटी किती, पोरगी कॉलेजला कुठे जाते, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कोण आणतं, पीक कर्जाचा हप्ता कधी आहे, ई-पीक पाहणी झाली का. काकू पहिल्यांदा म्हणतील, "काही नाही, होते आपलं." तेव्हा उठू नका. चहा होऊ द्या. दुसऱ्यांदा विचारलं की एकेक गोष्ट निघते.

एका गावात मी हे जवळून पाहिलं. तिथल्या बचत गटाच्या बायांनी ठरवलं की दर रविवारी सकाळी सात ते अकरा सरपंचांच्या वावरात वेचायचं, मग आपापल्या घरी. बारा-चौदा जणी ओटी बांधून ओळीला लागायच्या. अकरा वाजता गठुडी धुऱ्यावर यायची, काट्यावर चढायची, आणि सरपंचांची सून वहीत लिहायची: अमकीचा वेचा सतरा किलो, तमकीचा एकवीस. मजुरी कुणी घेतली नाही, तरी वजन लिहायचंच असा त्या सुनेचा हट्ट होता. पुढच्या वर्षी ती वही घेऊन ती प्रत्येकीच्या वावरात वेचायला गेली. जुनी माणसं ज्याला इर्जिक म्हणतात ते हेच. काकाजींसारख्या माणसाला असली मदत घ्यायला जड जात नाही, कारण ती परत करता येते. उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, ही पाळी टिकली तर समजा अर्धं काम झालं.

दुसरी पाळी दवाखान्याच्या सोबतीची. शेकाचे तीस-तेहतीस दिवस एका कागदावर आखा आणि प्रत्येक आठवड्यापुढे एक नाव लिहा. एक माणूस एक आठवडा, रविवारी संध्याकाळी जायचं, पुढच्या रविवारी दुसरा आला की निघायचं. रोज माणूस बदलला तर त्याला औषधाची खिडकी, मशीनची वेळ, डॉक्टरांचा राऊंड काहीच कळत नाही. सोबतीला असा माणूस पाठवा जो ऐकून लिहून घेईल आणि नर्सशी भांडणार नाही. जोरात बोलणारा कार्यकर्ता वॉर्डात कामाचा नाही, हे थोडं स्पष्टच सांगते.

या सोबतीवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. शेकाच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघतं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं, चव जाते, आवाज बसतो. माणूस म्हणतो, बस झालं, मला घरी न्या. दिवाळीला म्हणून गावी गेलेले आठ-आठ दिवस परतत नाहीत. शेकात असा खंड पडला की उपचाराची ताकदच कमी होते, कारण त्या रिकाम्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. त्या दिवसांत शेजारी बसून, "काकाजी, आज एकोणीस झाले, अजून अकरा," असं मोजणारा माणूस कोणत्याही औषधाएवढा मोलाचा आहे. तेव्हा बहुधा नाकातल्या नळीनेच पोट भरावं लागतं: गाळलेलं वरण, दूध, अंडं, पातळ आंबील, आहारतज्ज्ञ सांगतील त्या मापाने दर दोन-तीन तासांनी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर स्वच्छ पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. हे सोबतीच्या प्रत्येक माणसाने वॉर्डातल्या नर्सकडून शिकून घ्यावं.

आता कागदपत्रं. यात दोन दिवस हयगय झाली की ऑपरेशन पंधरा दिवसांनी पुढे जातं.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना राज्यात एकत्र चालतात. २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे सगळं तिच्यात आहे. गावात अजून लोक म्हणतात, आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला नाही. आपल्या भागातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर ही योजना पूर्वीपासून होती, कारण आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या १४ जिल्ह्यांत अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा होते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. भरती व्हायच्या आधी तिथे जा. १५५३८८ या नंबरवर फोन करून कोणतं रुग्णालय कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे ते विचारता येतं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, शासकीय मेडिकल आणि मिहानमधलं एम्स आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय आहे. कुठलं चांगलं यावर गावात पंधरा मतं निघतील. जिथे शस्त्रक्रिया आणि शेक एकाच छताखाली किंवा निदान एकाच शहरात होईल आणि तारीख लवकरची मिळेल, तिथे जा.

आधार आणि रेशन कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आजच पाहा. एकावर "रामराव" आणि दुसऱ्यावर "रामा" एवढ्यावरून पूर्वमंजुरी अडकलेली मी किती वेळा पाहिली त्याची गणती नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तो मुख्यमंत्री सहायता निधीला लागतो, धर्मादाय रुग्णालयातही लागतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री निधीसाठी आता जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडायचं असतं आणि रक्कम थेट रुग्णालयाला जाते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातही विचारा, अनेक जिल्हा परिषदा दुर्धर आजारासाठी स्वतःच्या निधीतून एकरकमी मदत देतात. काकाजी सरपंच असून त्यांना स्वतःसाठी अर्ज करायची लाज वाटेल. दुसऱ्यांचे असे अर्ज त्यांनी किती भरून दिले असतील! यावेळी त्यांचा अर्ज तुम्ही भरा.

मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं लागत नाही आणि सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटाच्या रुग्णांची राहायची सोय होते. आपल्या अमरावतीच्या माणसाने उभ्या केलेल्या कामात आपल्याच माणसाला जागा मिळते, हे काकाजींना सांगा, त्यांना बरं वाटेल.

मग वर्गणी कशाला, असं तुम्ही विचाराल. योजनेत उपचार बसतात. दीड महिन्याची खोली, दोन माणसांचं जेवण, गाडीभाडं, भरतीआधी बाहेर केलेल्या तपासण्या, बुडालेली मजुरी, हे तिच्यात बसत नाही, आणि घर मोडतं ते याच खर्चाने. म्हणून आधी वहीत आकडा काढा, मग तेवढेच गोळा करा.

पैशाबाबत मी फार काटेकोर आहे, कारण एका गावात चांगल्या मनाने जमवलेल्या पैशापायी दोन भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं. जमवणाऱ्याने स्वतःच्या खात्यात घेतले होते, खर्चही प्रामाणिकपणे केले होते, पण लिहिलं काहीच नव्हतं. तुम्ही असं करा: काकूंच्या नावाने वेगळं खातं उघडा, ज्या बँकेत पीक कर्ज आहे तिथे नको. थकीत कर्जामुळे बँकेने खात्यावर होल्ड लावला की तुमची वर्गणी तिथेच अडकते आणि गेटपासच्या, म्हणजे घरी सोडायच्या, दिवशी रुग्णालयात हात रिकामे. मोठी रक्कम देणाऱ्याला सांगा, रुग्णालयाच्या काउंटरवर पेशंटच्या नोंदणी क्रमांकावर थेट भर आणि पावती आम्हाला दे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली तर तिच्यावर आयकर लागू शकतो, हेही एक कारण आहे. पावतीपुस्तक छापून गावोगाव फिरणार असाल तर आधी धर्मादाय कार्यालयात विचारून परवानगी घ्या, गणेश मंडळं घेतात तशी. हिशेबाची वही दोघांकडे असावी आणि त्यातला एक दुसऱ्या पार्टीचा असावा. पैसे उरले तर काय करायचं हे काकाजींना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि "एक रुपया घेणार नाही" याचं काय? त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, आणि त्यांच्या पाठीमागे तर मुळीच गोळा करू नका. त्यांच्याजवळ एकट्याने बसा. त्यांना सेवाग्रामची जुनी गोष्ट सांगा. ऐंशीच्या दशकात कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या गावांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना काढली होती. सुगीला ज्याची जशी शेती तशी त्याने ज्वारी द्यायची आणि वर्षभर घरच्यांना उपचारात सवलत. देणाऱ्याला कुणी दाता म्हणत नव्हतं आणि घेणाऱ्याला कुणी गरीब म्हणत नव्हतं, तो ज्याचा त्याचा वाटा होता. काकाजींनी वीस-पंचवीस वर्षं रात्री-बेरात्री लोकांना गाडीत घालून यवतमाळला नेलं असेल, तो त्यांचा वाटा आधीच टाकून झालेला आहे. हे त्यांच्या तोंडावर बोला. तरीही नाही म्हणाले तर पैसे राहू द्या, वेचणी आणि सोबत तेवढी होऊ द्या. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात स्वतःच सांगतात की आता थोडं लागेल.

पार्ट्यांचं म्हणता, तर उद्या सकाळी पहिल्यांदा दुसऱ्या पार्टीच्या म्होरक्याच्या घरी जा. तुमच्या पार्टीची बैठक होण्याच्या आधी. त्यांना मदत मागू नका, काम द्या: "रक्ताची यादी तुमच्या पोरांनी करावी असं आम्हाला वाटतं." आपल्याकडे मयतीला आणि दुखण्याला पार्टी पाहत नाहीत, ही चाल अजून जिवंत आहे. फक्त कुणीतरी आधी उंबऱ्यावर जावं लागतं. फ्लेक्स लावू नका. कुणा पुढाऱ्याच्या हस्ते धनादेश, फोटो, हार, हे काहीही नको. त्या एका फोटोने दुसरी पार्टी घरी बसते.

रक्ताबद्दल दोन शब्द. अशा ऑपरेशनला साधारण दोन-चार पिशव्या सांगून ठेवतात. त्यासाठी शंभर जणांनी एकाच दिवशी रक्त देऊन टाकलं तर पुढे तीन महिने गावात देणारा पुरुष उरत नाही, बाईला तर चार महिने थांबावं लागतं. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, जास्त नाही. १८ ते ६५ वयाचे, ४५ किलोच्या वरचे, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेले वीस जण निवडा, त्यांचे गट लिहा, आणि चार-चारच्या तुकड्या करा. हाक आली तेव्हा एक तुकडी.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र कडक करावं लागेल. माझ्या एका पेशंटने ऑपरेशननंतर पाटीवर लिहून दिलं होतं: "मले असं पाहाले कोनाले येऊ देऊ नोका." तालुक्यात ओळखला जाणारा माणूस होता तो. पहिल्या महिन्यात चेहरा सुजलेला, गालाला टाके, लाळ सांभाळता येत नाही. कोणाला भेटायचं ते काकाजी ठरवतील, आणि "नाही" म्हणायचं काम काकूंवर टाकू नका, ते तुम्ही करा. ग्रुपवर आठवड्याला एकच संदेश जाऊ द्या, एकाच माणसाकडून, काकूंना वाचून दाखवल्यावर. असा: "काकाजींचं ऑपरेशन झालं, प्रकृती स्थिर आहे. पुढच्या रविवारपर्यंत भेटायला येऊ नये ही घरच्यांची विनंती. बुधवारी नागपूरला जाणारं कुणी असेल तर डबा न्यायचा आहे." रिपोर्ट, आधार कार्ड, जखमेचा फोटो ग्रुपवर कधीही टाकू नका. एकदा गेलेला फोटो परत येत नाही.

येणारे प्रत्येक जण एक औषध घेऊन येतील, हेही आधीच ठरवून ठेवा. अमक्या डोंगरावरचा पाला, तमक्या गावचा महाराज, आणि "सुई लावली, आता पसरते". तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही. पाल्यात गेलेले दोन महिने मात्र गाठीला दोन महिने देतात. "पाप भोवलं" असं कुणी कुजबुजलं तर त्याला एवढंच विचारा की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही १९६८ साली कॅन्सरनेच गेले, त्यांचं कोणतं पाप होतं?

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीचं, कसं बोलावं हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. काकाजी खात असतील, अर्धं गाव खातं. त्यांच्या खाटेजवळ बसून "खर्रा खाल्ला म्हणून" हे वाक्य कुणीही उच्चारू नये, ते त्यांनी स्वतःला हजार वेळा म्हणून झालेलं असतं. त्याऐवजी भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने खर्ऱ्याची पुडी घराबाहेर ठेवून जावं, एवढा नियम करा. ज्यांच्या गालात आत पांढरा-लाल चट्टा आहे, तिखट झोंबतं, तोंड कमी उघडतं, अशांना या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणा. त्या यादीत तुमचंही नाव असेल तर पहिलं तेच लिहा.

सरपंचपदाची एक गोष्ट लोक विसरतात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे सदस्य सलग चार महिने गावाबाहेर राहिला किंवा सलग सहा महिने बैठकांना आला नाही आणि ग्रामपंचायतीने रजा मंजूर केलेली नसली, तर त्याचं पद जाऊ शकतं. उपचार लांबले तर आजारपणात हा धक्का बसायला नको. ऑपरेशनच्या आधीच रजेचा अर्ज घ्या, मासिक बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवा, ग्रामसेवकांकडून प्रत घ्या. तोवर उपसरपंच काम पाहतील.

पण रजा दिली म्हणजे काकाजींना बाजूला ठेवायचं असं नाही. त्यांचा आवाज जाईल, निदान काही महिने तरी बोलणं समजणार नाही. ज्याने आयुष्यभर बोलून माणसं जोडली त्याला याचं दुःख किती, ते मी सांगायला नको. वर्ध्याकडच्या एका गावात सरपंच ऑपरेशननंतर पहिल्यांदा ग्रामसभेला आले ते शाळेची पाटी घेऊन. ते लिहायचे आणि सातवीतली एक मुलगी उभी राहून मोठ्याने वाचायची. पाणीपट्टीवरून वाद निघाला तेव्हा त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, मुलगी वाचता वाचता हसली, आणि सभा हसली. त्यांच्या बायकोने पदर डोळ्याला लावला. तुम्ही दर आठवड्याला गावातली एक अडचण घेऊन काकाजींकडे जा आणि त्यांचं मत घ्या, खरोखर घ्या. तोंड उघडायचा व्यायाम असतो, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. सोबतीच्या माणसाने त्याचीही नोंद ठेवावी: आज सोळा, आज सतरा. पहिल्या दिवसापासून दुखतं आणि कंटाळा येतो, पण हा सोडला की जबडा आखडतो.

शेक संपला की गाव म्हणतं, झालं. तसं नसतं. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जावंच लागतं, कारण परत उद्भवण्याचा धोका त्याच काळात जास्त असतो. सोबतीच्या पाळीचा कागद तेवढा लांब आखा. आणि डॉक्टरांनी कधी सांगितलं की आता पुढे उपचार नाहीत, तर "काहीच करता येत नाही" असं समजून घरी आणून टाकू नका. दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या गोळ्या असतात, जखमेची काळजी असते, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे, तिथे नाव नोंदवा. वेदनेत ठेवून कुणाचं आयुष्य वाढत नाही. त्यावेळी कुठे राहायचं, कोणाला भेटायचं, हेही काकाजींनाच विचारायचं.

हे सगळं एका माणसाने करायचं नाही. तुम्ही तरुण आहात, सदस्य आहात, सगळं अंगावर घ्याल आणि दिवाळीपर्यंत आडवे व्हाल. वही एकाकडे, पाळी दुसरीकडे, कागदपत्रं तिसऱ्याकडे द्या. आज संध्याकाळी एक बाईमाणूस सोबत घेऊन काकाजींच्या घरी जा, ओसरीवर न थांबता आत चुलीजवळ जा, आणि काकूंना विचारा की ज्या दिवशी तुम्ही नागपूरला निघाल त्या दिवशी सकाळी गाय कोण दोहणार आहे.